ओळखीची चिठ्ठी आणि तिच्या पुढची वाट : बारामती ते इंदापूर

पुण्याच्या आग्नेयेला सुमारे शंभर किलोमीटरवर कऱ्हेच्या काठी बारामती वसली आहे, आणि तेथून पूर्वेकडे आणखी पन्नासएक किलोमीटर गेले की पुणे–सोलापूर महामार्गावरचे इंदापूर लागते. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे घेत जाणारा हा रस्ता आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीचा रस्ता असतो. बेलवाडीला पालखीचे गोल रिंगण होते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र तो उसाच्या गाड्यांचा, दुधाच्या टँकरांचा, डाळिंबाच्या क्रेटांचा आणि व्यापाऱ्यांच्या फेऱ्यांचा रस्ता आहे.

या दोन्ही गावांत आणि मधल्या बाजारपेठांत जैन व्यापारी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत आली आहेत. कापड, किराणा, सराफी, भुसार, खते-बियाणे, पाइप आणि पंप, इमारतीचा माल असे त्यांचे व्यवसाय. पेढ्या बदलल्या, वह्यांच्या जागी संगणक आले, तरी एक गोष्ट फारशी बदललेली नाही : या भागात नवे गिऱ्हाईक बहुधा ओळखीने मिळते. कोणीतरी कोणाला सांगतो, "अमक्याकडे जा, माझे नाव सांग." ही ओळख मिळणे अवघड नसते. ती मिळाल्यावर पुढचे पंधरा दिवस, महिना, कधी सहा महिने कसे वागायचे, तेथे खरी कसोटी असते. बारामती ते इंदापूर हा प्रदेश या एका प्रश्नाच्या दृष्टीने पाहिला तर पुष्कळ काही शिकवून जातो.

कऱ्हाकाठची सावकारी आणि कविता

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. बाबूजी नाईक जोशी हे पेशवाईतले मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई होते, आणि पेशवेपदासाठी स्वतः बाबूजींनी शाहू महाराजांपुढे खटपट करून पाहिली होती. याच घराण्याच्या आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीस राहिले. त्यांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. वडील रामाजीपंत नाईकांच्या पदरी आले आणि त्यांच्या पाठोपाठ मोरोपंतही येथे आले. म्हणजे दार उघडले ते वडिलांच्या ओळखीने. परंतु १७९४ साली बारामतीतच देह ठेवीपर्यंत सुमारे चार दशके हे स्थान त्यांनी टिकवले, ते पुराणकथनाने, विद्वत्तेने आणि 'आर्याभारत', 'केकावली' यांसारख्या रचनांनी. ओळखीने माणूस उंबरठ्यापर्यंत पोहोचतो; आत किती काळ बसायला मिळेल हे त्याच्या पुढच्या कामावर ठरते, याचे बारामतीतले हे सर्वांत जुने आणि सर्वांत सन्मानाचे उदाहरण मानायला हरकत नाही.

याच गावात १९६२ साली जैन समाजाच्या पुढाकाराने अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. संस्थेचे नावच एका वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची आठवण देते. ओळखीच्या व्यवहाराला ती दृष्टी फार लागू पडते, कारण या व्यवहाराला तीन बाजू असतात : ओळख करून देणारा, विकणारा आणि घेणारा. बहुतेक विक्रेते दोनच बाजू पाहतात. ज्याने शब्द टाकला तो तिसरा माणूस चिठ्ठी मिळाल्यावर विसरला जातो.

ओळख म्हणजे जामिनकी नव्हे

जुन्या पेढ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. शाहजोग हुंडी ही कोणाही हातात आली म्हणून वटत नसे; ती 'शाह' म्हणजे बाजारात पत असलेल्या, माहितीच्या माणसालाच देय असे. कागदापेक्षा तो आणणारा कोण, हे आधी पाहिले जाई. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले.

बँकांनीही पुढे हीच रीत उचलली. कित्येक दशके नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची परिचयकर्ता म्हणून सही लागत असे. त्याच कायद्याच्या कलम १३१ खाली धनादेश वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण हवे असेल तर तिने सद्भावनेने आणि हयगय न करता काम केले पाहिजे, आणि परिचय घेणे हा त्या दक्षतेचा भाग समजला जाई. आज 'केवायसी'च्या नियमांत अशा परिचयाची गरज उरलेली नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. पण परिचयकर्त्याने सही केली म्हणून तो खातेदाराच्या कर्जाला बांधला जात नव्हता. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे जामिनकी होण्यासाठी दुसऱ्याने देणे चुकवल्यास ते मी भागवीन, असे वचन लागते. "माणूस चांगला आहे" एवढे म्हणणे म्हणजे ते वचन नव्हे.

कायदा येथे थांबतो. बाजार मात्र थांबत नाही. ओळख करून देणाऱ्याच्या खिशाला तोशीस लागत नसली तरी त्याच्या नावाला लागते. इंदापूरच्या एखाद्या आडत्याने शब्द टाकला आणि विक्रेत्याने खराब माल दिला, तर शेतकरी विक्रेत्याच्या दुकानी भांडायला जाईलच असे नाही. तो पुढच्या हंगामात आपले डाळिंब दुसऱ्या आडत्याकडे नेईल. विक्रेत्याचे एक गिऱ्हाईक गेले, आडत्याची मात्र वर्षानुवर्षांची आवक गेली. म्हणून ओळखीने मिळालेल्या गिऱ्हाइकाचा पाठपुरावा हा दुसऱ्याच्या भांडवलावर केलेला व्यवहार आहे, ही जाणीव पहिल्या दिवसापासून हवी.

जंक्शनहून वालचंदनगरकडे

इंदापूरच्या वाटेवर जंक्शन नावाचे गाव आहे. तेथून फुटणारा रस्ता नीरेकाठच्या वालचंदनगरला जातो. कळंब गावाच्या शिवारात उसाचा मळा, साखर कारखाना आणि पुढे यंत्रनिर्मिती अशी ही वसाहत उभी राहिली. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, बाष्पके, दातेरी चक्रांचे मोठे संच, आणि नंतर संरक्षण व अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे सुटे भाग येथे तयार होत आले आहेत. तिला नाव देणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात झाला. त्यांच्या आयुष्यातले मोठे उद्योग पाहिले तर ओळख आणि तिचा पाठपुरावा यांचा जणू वस्तुपाठच हाती येतो.

घरचा धंदा सावकारीचा आणि कापूस-धान्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची गाठ रेल्वेच्या कचेरीतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ घराण्याची पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागीदारी सुरू झाली. दोघांपैकी एकानेही केवळ ओळखीवर भिस्त ठेवली असती तर पहिल्या कामापुढे काही गेले नसते. एक काम वेळेवर पुरे झाले, म्हणून दुसरे मिळाले.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेऊन वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनीची सुरुवात केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

सर्वांत बोलके उदाहरण विमान कारखान्याचे. १९३९ साली विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी योगायोगाने गाठ पडली. पॉली यांचा चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना होता. प्रवासात अशा शेकडो ओळखी होतात आणि उतरताना पत्त्याची देवाणघेवाण होऊन संपतात. ही संपली नाही. वालचंदांनी हा विषय हिंदुस्थान सरकारपुढे मांडला; सरकार बराच काळ चालढकल करीत राहिले. युद्धाची परिस्थिती बदलली तेव्हा कुठे हालचाल झाली. म्हैसूर संस्थान आणि त्याचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी भागीदारीची तयारी दाखवली, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ साली सरकारने ती ताब्यात घेतली. आजच्या 'एचएएल'चे मूळ तेच.

पहिली भेट आणि कंपनीची स्थापना यांत वर्षाहून अधिक काळ गेला. या काळात त्याच त्याच विनंतीची उजळणी होत राहिली असती तर कागद कोठेतरी फायलीत पडून राहिला असता. परिस्थिती बदलली की तीच योजना नव्या कारणासह पुन्हा मांडायची, आणि एक दार बंद असेल तर दुसऱ्या दारी जायचे, हा त्यातला धडा आहे. लहान दुकानदारालाही तो तितकाच लागू पडतो.

'बघू' या शब्दाचा अर्थ

जंक्शनवरून पुन्हा मुख्य रस्त्याला लागले की निमगाव केतकी येते. पानमळ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध, आणि आता आसपास डाळिंबाच्या बागा. समजा, बारामतीतील ठिबक सिंचनाच्या एखाद्या विक्रेत्याला इंदापूरच्या आडत्याने येथल्या बागायतदाराचे नाव दिले. विक्रेता आठवड्याच्या आत जाऊन आला, चहा झाला, बाग पाहिली, दर सांगितला. निघताना बागायतदार म्हणाला, "बघू शेठ, सांगतो."

या 'बघू'चा अर्थ लावता येणे हे या भागातल्या विक्रीचे अर्धे शास्त्र आहे. तो होकार नसतो आणि बहुधा नकारही नसतो. उसाच्या शेतकऱ्याचा 'बघू' म्हणजे कारखान्याचे बिल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत किमान दराने पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात तारीख पुढे-मागे होते. आडसाली ऊस तर लागणीपासून तोडीपर्यंत दीड वर्षाच्या घरात जातो. एवढ्या काळात मोठी रक्कम हाती येते ती एकदाच. दूध घालणाऱ्या घराचा 'बघू' दहा दिवसांच्या पगाराशी बांधलेला असतो; तेथे लहान हप्त्याची वस्तू चालते, मोठ्या रकमेची नाही. डाळिंबवाल्याचा 'बघू' बहाराशी बांधलेला असतो. मृग, हस्त की आंबे बहार धरायचा हे त्याने ठरवले की बागेला ताण देण्यापूर्वी नळ्यांचे काम उरकावे लागते. बहार सुरू झाल्यावर विक्रेत्याने कितीही फोन केले तरी उपयोग नाही. ठिबकसाठी सरकारी अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवरचा अर्ज आणि पूर्वसंमती यांची वाट पाहणेही त्या 'बघू'त असते.

अशा वेळी दर सोमवारी फोन करून "काय ठरलं, आबा?" असे विचारणारा विक्रेता स्वतःची निकड तेवढी दाखवतो. त्याऐवजी अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात हे लिहून देणारा, शेजारच्या शिवारात चालू असलेला संच नेऊन दाखवणारा, किंवा "यंदा आंबे बहार धरणार असाल तर डिसेंबरात माप घेऊन जातो" असे सांगणारा विक्रेता त्या घरचा होतो. प्रत्येक फेरीत गिऱ्हाइकाला काहीतरी उपयोगाचे मिळाले पाहिजे. रिकाम्या हाताने केलेली चौकशी तगादा ठरते. उधारी वसुलीचा तगादा निदान हक्काचा असतो. न घेतलेल्या मालाचा तगादा कोणालाही आवडत नाही.

यासाठी रोजमेळ आणि खतावणीसारखी एक साधी वही पुरते. कोणी नाव दिले, पहिली भेट कधी झाली, समोरच्याने कोणते शब्द वापरले, आपण काय कबूल केले आणि पुढची तारीख कोणती, एवढे पाच रकाने. त्यांतला चौथा सर्वांत महत्त्वाचा. 'उद्या दरपत्रक पाठवतो' असे सांगून चार दिवस गेले, तर माल पाहण्यापूर्वीच माणूस पारखला जातो.

वेळेचे भानही लागते. पालखी गावात असताना, लग्नघरी, दुःखाच्या प्रसंगी व्यापाराचा विषय काढू नये, हे कोणाला सांगावे लागत नाही. मात्र पर्युषणानंतर क्षमापनेचा निरोप पाठवायचा आणि त्याच निरोपाखाली नव्या मालाची यादी जोडायची, असा प्रकार अलीकडे मोबाइलवर दिसू लागला आहे. क्षमा मागताना काही विकायचे नसते. ज्याला तो निरोप जातो त्याला हा फरक लगेच कळतो, आणि तो बोलून दाखवत नाही.

सुप्याची आठवण

बारामती तालुक्यातच, गावापासून वायव्येला, सुपे आहे. १२ मे १८७५ रोजी तेथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाची झळ मारवाडी आणि गुजराती सावकारांना लागली. कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले होते. इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीत सारा वाढला होता. सावकारांनी हात आखडता घेतला होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ते सावकार त्या गावांना अनोळखी नव्हते. पिढ्यांची ओळख होती. पण ओळख होती तरी हिशेब एकाच बाजूला कळत होता. रोख्यावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते. जेथे एका पक्षाला व्यवहार समजत नाही, तेथे ओळखीचा आधार फार काळ पुरत नाही.

आजच्या ओळखीच्या व्यवहारातही असा एक न दिसणारा हिशेब शिरतो : नाव देणाऱ्याला मिळणारी टक्केवारी. दलाली हा प्रतिष्ठित धंदा आहे आणि आडत्याची आडत उघड असते, म्हणूनच ती कोणाला खुपत नाही. पण 'मित्र' म्हणून नाव सुचवायचे आणि मागून वाटा घ्यायचा, ही गोष्ट गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडून कळली की एकाच वेळी दोन माणसांवरचा त्याचा विश्वास जातो. मोबदला द्यायचाच असेल तर तो तिघांच्या माहितीत असावा. आणि तो दरात मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा असेल, तर त्या ओळखीपेक्षा अनोळखी दुकानदार बरा.

इंदापुरात

इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे गाव. उत्तरेला उजनीचे पाणलोट पसरले आहे. भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि तेथला माशांचा बाजार दूरवर माहीत आहे. महामार्गामुळे आज येथल्या दुकानदाराला पुण्याचा आणि सोलापूरचा भाव त्याच क्षणी कळतो. गिऱ्हाइकालाही कळतो. "माझ्या नावाने गेलास तर दोन पैसे कमी लागतील" हे वाक्य पूर्वीइतके वजनदार राहिलेले नाही. मग ओळखीची किंमत कशात उरली? ती माल बिघडला तर कोणाकडे जायचे, या प्रश्नाच्या उत्तरात उरली आहे. संगणकाच्या पडद्यावरच्या विक्रेत्याला गाव नसते. ओळखीने आलेल्या विक्रेत्याला असते.

म्हणूनच या पाठपुराव्याची शेवटची पायरी गिऱ्हाइकाकडे नसून परत पहिल्या माणसाकडे आहे. व्यवहार झाला तर नाव देणाऱ्याला त्याच दिवशी कळवावे. झाला नाही तर तेही कळवावे, आणि समोरच्याविषयी तक्रारीचा एक शब्दही न काढता. दोन-तीन फेऱ्यांनंतर काम होणार नाही असे दिसले, तर विक्रेत्यानेच मोकळे करावे : "दादा, सध्या राहू द्या. पुढे कधी लागलं तर हक्कानं सांगा." 'नाही' म्हणण्याचा संकोच या भागात मोठा आहे. त्या संकोचातून जो माणसाला सोडवतो, त्याच्याकडे तो माणूस पुढच्या वर्षी आपणहून येण्याची शक्यता राहते. जो सोडवत नाही, त्याला चुकवण्यासाठी गिऱ्हाईक रस्ता बदलते, आणि ओळख करून देणाऱ्यालाही टाळू लागते. एका न झालेल्या विक्रीपायी दोन जुन्या स्नेह्यांत अंतर पडावे, एवढी कोणत्याही मालाची किंमत नसते.

बारामती आणि इंदापूरच्या पेठांत आज तिसरी-चौथी पिढी गल्ल्यावर बसते आहे. नव्या पिढीजवळ मोबाइलमध्ये हजारो क्रमांक आहेत, समाजाच्या निर्देशिका आहेत, नावांची देवाणघेवाण करणाऱ्या व्यापारी बैठका आहेत. नावे मिळण्याची अडचण त्यांना कधी पडणार नाही. आपल्यासाठी ज्याने आपले नाव खर्च केले, त्याचे नाव होते तसे, जमल्यास थोडे वाढवून परत करणे, एवढी काळजी मात्र प्रत्येक पिढीला आपापली घ्यावी लागते. ज्या घरांनी ती घेतली, त्यांना या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात आजही कोणीतरी म्हणतो, "बिनदिक्कत जा, माझं नाव सांग."